नाकाकडे गेलेला ओघळ

१

कॅनॉपी नेमकी कशाने चिकटवली होती, हे चांगदेव तरे यांना कितीतरी वर्षं छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. पांढऱ्या गोंदानेच चिकटवली असणार. सतरा वर्षं ते विमानांच्या छोट्या प्रतिकृती करत होते आणि कॅनॉपीला, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाला, त्यांनी दुसरं काही कधी लावलं नव्हतं. सुपरग्लू लावला तर त्याच्या वाफेने झाकण आतून धुरकटतं, त्यावर पांढुरक्या रेषा उमटतात. हे या छंदात नवं पडलेलं पोरसुद्धा महिन्याभरात शिकतं. पण ती चिकटवली त्या आठवड्यात त्यांचा हात कापत होता. टेबलावर दोन्ही बाटल्या होत्या आणि दोन्हींची झाकणं उघडी होती. त्याच महिन्यात त्यांनी एकदा दुधाखालचा गॅस तसाच ठेवून बाहेरून कडी लावली होती. तेव्हा आपल्या आठवणीवर किती भरवसा ठेवायचा, असं ते स्वतःला विचारत. उत्तर मिळू नये, अशीच त्यांची इच्छा असे.

चांगदेव भिवंडीजवळच्या अंजूरचे. घरची खाडीकाठची भातशेती. त्या घरातला हा मुलगा शिकत शिकत रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला, धातू कसे गंजतात यावर त्याने डॉक्टरेट केली, आणि निवृत्तीनंतर पुन्हा गावातल्या घरी येऊन राहिला. तोवर शेतांवर गोदामं उभी राहिली होती. माडीवरच्या त्यांच्या खोलीतून पूर्वी थेट खाडीच्या बांधापर्यंत नजर जाई. आता सहा हातांवर गोदामाची पत्र्याची भिंत होती. दिवसा ती तापे, दिवेलागणीला निवे, आणि निवताना टक् टक् वाजे. पहिल्या वर्षी त्या आवाजाने ते दचकत. मग सवय झाली. पत्रा आकसला की वाजणारच.

२

प्रतिकृती जोडणं हे अर्धं काम. खरं काम ती जुनी करण्याचं.

आधी चंदेरी रंग द्यायचा. तो वाळला की ओला हात फिरवून वर जाड्या मिठाचे कण टाकायचे आणि त्यावरून पांढरा रंग फवारायचा. सुकल्यावर मीठ नखाने खरवडून काढलं की तेवढ्या जागी पोपडा उडून आतला धातू उघडा पडल्यासारखा दिसतो. मग काळपट तेलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून पत्र्यांच्या सांध्यांत सोडायचा. एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर सोडणाऱ्या, नळीमागे काळ्या खडूची पूड चोळायची. शेवटी मॅट वार्निशचा फवारा. त्याखाली सगळं कायमचं बंद होतं, मग काही पुसता येत नाही.

या सगळ्यात चांगदेवांचा एकच नियम होता. डागाला कारण हवं. उडणाऱ्या विमानावर तेल मागे वाहतं, उभ्या विमानावर खाली. हात जिथे लागतो तिथला रंग झिजतो, पाय जिथे पडतो तिथला उडतो. वर्गात ते मुलांना सांगत, गंज हा धातूने दिलेला जबाब असतो. आपल्याला तो वाचता आला पाहिजे.

त्या हिवाळ्यात टेबलावर होतं ते त्यांच्या नातीचं, रुचिकाचं विमान. ती घाटावरच्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये शिकत होती. दोन सीटचं, बसक्या पंखांचं पांढरं ट्रेनर. तिने फोनवर ढीगभर फोटो पाठवले होते आणि त्यांवरून चांगदेव डाग न् डाग उतरवत होते. सीटचे पट्टे त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटातल्या चांदीच्या कागदाचे केले होते. दोन्ही सीटवर फुलीसारखे बांधलेले. सीटवर माणूस बसवायचा नाही, ही त्यांची पद्धत. एवढ्या लहान मापात माणसाचा चेहरा नीट येत नाही आणि मग तो बघवत नाही.

दिवाळीत रुचिका आली तेव्हा तिच्याबरोबर दर्शनही आला होता. तिच्याच तुकडीतला. पडघ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात त्याचा पाडा. बाप, बुधा, पूर्ण्याच्या गोदामांत माल चढवायचा-उतरवायचा आणि मुलगा सरकारी स्कॉलरशिपवर विमान शिकायचा. सीताबाईंनी वाढलेलं चिंबोरीचं कालवण त्याने दोनदा मागून घेतलं. मग माडीवर येऊन तो टेबलापाशी ओणवा झाला आणि बराच वेळ श्वाससुद्धा जपून घेत बघत राहिला.

"सर, राग मानू नका," तो म्हणाला, "पण पंखावर पाय आम्ही इथं न्हाय ठेवत. जरा मागं ठेवतो. आणि कॅनॉपी ओढताना अंगठा इथं लागतो, ह्या कडेला."

"त्याचाच लागतो," रुचिका म्हणाली. "दार आदळल्यासारखी लावतो हा ती. एक दिवस आतच अडकून बसशील, दर्शन."

सगळे हसले. चांगदेवांनी बारीक ब्रशने दर्शनचा अंगठा जिथे लागे तिथला रंग झिजवला.

३

डिसेंबर संपत आला होता. वार्निश मारून तीन दिवस झाले होते. शुक्रवारी सकाळी चांगदेव भिंग घेऊन बसले तेव्हा इंजिनाच्या झाकणावर त्यांना तेलाचा एक ओघळ दिसला.

ओघळ पुढे गेला होता. तेल भरायच्या झडपेपासून निघून पंख्याकडे, नाकाकडे.

त्यांनी फोटो काढून पाहिले. एकाही फोटोत तो नव्हता. टर्पेंटाइनचा बोळा फिरवला, तर बोळा कोरा आला. ओघळ वार्निशच्या खाली होता. म्हणजे वार्निश मारण्याआधीचा, म्हणजे आपणच काढलेला. विसरलो असू. प्रतिकृती कधी नाकावर उलटी टेकवून वाळत ठेवली असेल. चांगदेवांनी स्वतःला अशी तीन कारणं दिली आणि तिन्ही पटण्यासारखी होती. पण ओघळ कच्च्या हाताचा नव्हता. वर जाड, खाली बारीक होत गेलेला, टोकाशी थेंब साकळलेला. असा ओघळ विमान नाकावर उभं असेल तरच येतो, आणि तेही तासन्‌तास.

शनिवारी नाकावर आणि डाव्या पंखाच्या टोकावर गाळ होता.

फार नव्हता. करडा-काळा, वाळल्यावर भेगाळलेला. चांगदेवांनी टाचणीच्या टोकाने कणभर उचलला आणि नाकाशी धरला. कुजक्या अंड्याचा वास. खाडीतल्या तिवरांच्या मुळांशी हवा न पोचणाऱ्या चिखलाला येतो तो. लहानपणी हा वास पायांना लागे, तो दोन दोन दिवस जात नसे. घाटावरच्या त्या कोरड्या धावपट्टीवर असा चिखल कुठून येणार?

खिडकीबाहेर पत्रा वाजला. टक्. घड्याळात सकाळचे साडेदहा झाले होते. ही वेळ पत्रा तापायची. तो निवायला अजून सात-आठ तास होते. तापतानाही पत्रा वाजत असेल, असं त्यांनी ठरवलं.

४

सोमवारी संध्याकाळी सीताबाई चहा घेऊन वर आल्या. नवऱ्याच्या या खेळण्यांकडे त्या सहसा बघत नसत. त्यांचं माहेर काल्हेरचं, खाडीतल्या होड्यांवर वाढलेल्या. कप ठेवता ठेवता त्यांचं लक्ष गेलं.

"काय वो, ह्याला पाण्यात कशाला टाकलंत?"

"कुठे पाण्यात?"

त्यांनी करंगळीने दाखवलं. विमानाच्या अंगावरून, कॅनॉपीच्या कडेला घासून, मिठाची एक पुसट पांढरी रेघ गेली होती. तिरकी. चांगदेवांना ती दिवसभर दिसली नव्हती, किंवा दिसूनही मिठाच्या कामातलाच काही अंश राहिला असेल असं वाटलं होतं.

"ही भरतीची रेघ," सीताबाई म्हणाल्या. "व्हडी गाळात रुतली का तिच्यावर अशीच येते. नाक खाली रुतलंय बगा, आनि डावी कड. उद्या पुनव. उधाणाचा पानी हितपर्यंत चढंल." मग त्या हसल्या. "बरा केलाय वो. अगदी खऱ्यासारका."

त्या खाली गेल्या. चहावर साय धरली तरी चांगदेव बसून होते.

आठच्या सुमाराला रुचिकाचा फोन आला. आवाज नुसता फुलला होता. बुधवारी तिचं एकटीचं पहिलं लांबचं उड्डाण ठरलं होतं. घाट उतरून जुहूच्या धावपट्टीवर जायचं आणि परत यायचं. "आजोबा, साडेदहाच्या पुढेमागे मी तुमच्या डोक्यावर असेन. खाडीवरूनच रस्ता आहे. गच्चीत उभे राहा, पंख हलवून दाखवते."

बोलायला तोंड उघडलं आणि ते थांबले. कारण समजायला पंचवीस वर्षं मागे जावं लागेल. मनोज, त्यांचा मुलगा, तेव्हा बोटीवर जाणार होता. मर्चंट नेव्हीचं पत्र आलेलं, बॅग भरलेली. आदल्या रात्री चांगदेवांच्या छातीत दुखायला लागलं. मनोज राहिला. बोट गेली. दुखणं चार दिवसांत बरं झालं आणि त्यानंतर मनोज वडिलांशी कामापुरतंच बोलू लागला. रुचिकाने विमान शिकायचं म्हटलं तेव्हा चांगदेवांनी तिला जवळ बसवून वचन दिलं होतं: मी घाबरेन, पण तुला कधी अडवणार नाही. तिच्या बापाच्या देखत दिलं होतं.

आता अडवायचं तर कशाच्या आधारावर? एका प्लॅस्टिकच्या विमानावर मला न आठवणारा डाग आहे म्हणून?

"सांभाळून ये," ते म्हणाले.

ती रात्र त्यांनी डोळे उघडे ठेवून काढली. मंगळवारी सकाळी सात वाजता त्यांनी सीताबाईंना हाक मारली आणि छातीवर हात ठेवला.

५

भिवंडीतल्या त्या लहानशा इस्पितळात चांगदेव पुरुषांच्या वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर पडले होते. मागच्या गल्लीत कापडाचे लूम चालू होते. त्यांच्या खडखडाटाने खाटेची दांडी बारीक थरथरत होती. दुपारी डॉक्टर म्हणाले की तसं काळजीचं दिसत नाही, पण वय आहे, तीन दिवस ठेवू. मनोज पायथ्याशी उभा होता. तो डॉक्टर जाईपर्यंत थांबला.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "कार्डिओग्राम तेव्हाही नॉर्मल होता."

एवढंच. मग तो औषधं आणायला खाली गेला.

संध्याकाळी रुचिका आली. दिवसभर बसने आलेली, तोंड उतरलेलं. उड्डाणाबद्दल चकार शब्द काढला नाही तिने. आजोबांच्या खाटेच्या कडेला बसून मोसंब्याच्या फोडी सोलून देत राहिली. तिचा फोन वाजला, ती दोन मिनिटं बोलली आणि त्यांच्याकडे देत म्हणाली, "दर्शन आहे. माझ्याऐवजी उद्या तो जातोय. त्याला तुमच्याशी बोलायचंय."

चांगदेवांनी फोन कानाला लावला. विमान तेच का, हे विचारायची गरज नव्हती. तरी त्यांनी विचारलं.

"हो सर, तेच. तुम्ही केलंय तेच." दर्शन खुशीत होता आणि ती लपवायचा प्रयत्न करत होता. "तुम्ही लवकर बरे व्हा. गच्चीत न्हाय आलात तरी मी पंख हलवीन. बाबांना पण सांगितलंय, पूर्ण्याला गोदामाच्या भायेर उभं राहा म्हणून."

रुचिका समोर बसली होती. दाराशी मनोज औषधांची पिशवी घेऊन उभा होता आणि बघत होता. बोलायला फार तर चार वाक्यं लागली असती. पण ती बोलायची म्हणजे पहिलं वाक्य हेच, की माझ्या छातीत काही दुखत नाही. आणि पोरगा हसला असता. सर घाबरट आहेत हे रुचिकाने त्याला सांगितलेलंच असणार. आणि कदाचित काहीच होणार नव्हतं. ओघळ आपणच काढला असेल, गाळ आपल्याच चपलेचा असेल. हे सगळं चांगदेवांच्या मनात त्या तीन-चार सेकंदांत व्यवस्थित, मुद्देसूद मांडून झालं.

"सांभाळून जा," ते म्हणाले. दोन दिवसांत दुसऱ्यांदा.

६

बुधवारी हवा धुरकट होती. घाट उतरताना दर्शनचं रेडिओवर शेवटचं बोलणं झालं, त्यानंतर काही नाही. दुपारी रुचिकाला कळलं. संध्याकाळी टीव्हीवर घाटातले डोंगर दिसू लागले, दोरखंड घेतलेली माणसं, वर घिरट्या घालणारं हेलिकॉप्टर. रुचिका भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "माझी जागा होती ती."

सगळ्या आयाबाया म्हणाल्या, म्हाताऱ्याच्या दुखण्याने पोर वाचली. सीताबाईंनी खाटेशी येऊन नातीवरून कडाकडा बोटं मोडली. मनोज त्या रात्री वडिलांच्या खाटेशी बसून राहिला आणि पहाटे त्याने त्यांच्या पायांवर चादर नीट केली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. चांगदेवांनी डोळे मिटून घेतले होते.

शुक्रवारी संध्याकाळी ते घरी आले आणि जिना धरून धरून माडीवर गेले.

विमानावर मिठाच्या पाच रेघा होत्या. पहिली कॅनॉपीच्या कडेला, बाकीच्या तिच्याखाली, एकीखाली एक, प्रत्येक थोडी उतरत गेलेली. उधाण ओसरताना पाणी असंच रोज थोडं कमी चढतं. त्यांनी जिन्याच्या तोंडाशी जाऊन सीताबाईंना विचारलं, बुधवारी दुपारपासून भरत्या किती झाल्या. त्यांनी बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. "आताची धरून पाच." मग त्या वर बघत राहिल्या. "का वो?"

"सहज."

त्यांनी भिंग घेतलं आणि टेबलाचा दिवा कॅनॉपीवर झुकवला. आत उजव्या सीटचे चांदीचे पट्टे फुलीसारखे बांधलेले होते. डाव्या सीटचे सुटून बाजूला पडले होते. आणि झाकणाच्या आतल्या अंगाला, दर्शनचा अंगठा लागे त्या कडेच्या वर, केसाएवढ्या बारीक उभ्या रेषा होत्या. शेजारी शेजारी.

पाच.

सुपरग्लू, असं त्यांच्या मनात लगेच आलं. आपण चुकून सुपरग्लू लावला. त्याच्या वाफेने आत रेषा उमटतात. त्यानेच पट्ट्यांचा कागदही सुटला असेल. एवढा सरळ खुलासा हाताशी असताना दुसरा शोधायचा म्हणजे शास्त्राचा माणूस म्हणवून घ्यायला नको. त्यांनी दिवा बंद केला.

अंधारात पत्रा वाजला. टक्. टक्. टक्. मग बराच वेळ नाही. मग पुन्हा तीनदा.

७

शनिवारी सकाळी सहा रेषा होत्या. संध्याकाळी सात. रविवारी सकाळी आठ.

रविवारी दहाच्या सुमाराला बुधा आला. चांगदेवांनी त्याला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. सुकलेला, काटक माणूस, अंगात मुलाचा असावा असा मोठा निळा शर्ट. रुचिकाकडे काही बातमी आहे का, विचारायला आला होता. ती ठाण्याला कुणा अधिकाऱ्याला भेटायला गेली होती. सीताबाईंनी पुढे केलेली खुर्ची नाकारून तो ओटीवर पायरीशीच उकिडवा बसला.

"सर, तुमी शिकलेली मान्सा," तो म्हणाला. "इमान असा हरवतं काय?"

चांगदेव म्हणाले की डोंगर मोठे आहेत, झाडी दाट आहे, वेळ लागतो.

बुधाने मान हलवली. "डोंगरात सोधतान. मी चार दीस त्यांच्यासंगं फिरलू. पोरगा डोंगरातला हाय, सर. डोंगरात हरवायचा न्हाय तो." त्याने शर्टाची बाही वर सारली. "बुधवारी मी गोदामाच्या भायेर हुबा व्हतो. धुरकट व्हता, दिसला काय न्हाय. पन आवाज आलता. मी सायबांना सांगला, आवाज आलता. ते बोल्ले, रस्त्यावरच्या टेंपोचा असंल."

"कुठून आला आवाज?"

त्याने हात केला. खाडीकडे.

सांगायला याहून चांगली वेळ येणार नव्हती. बुधा हसला नसता. आवाज ऐकल्याचं सांगून तो स्वतःच चार दिवस हसं करून घेत होता. चांगदेव त्याच्या शेजारी पायरीवर बसलेही. मग त्यांना दिसलं की पुढचा प्रश्न कोणता येईल. तुमाला ह्या कवापासून ठावं हाय, सर? सोमवारपासून. आणि मंगळवारी संध्याकाळी तो तुमच्याशी बोलला ना?

"मी विचारतो कुणालातरी," ते म्हणाले.

बुधा गेल्यावर ते रिक्षा करून खाडीच्या बांधावर गेले. एवढं तरी करायचं, म्हणजे काही नाही हे तरी ठरेल. ओहोटी होती. गाळ उघडा पडून चकाकत होता, पलीकडे तिवरांची दाट हिरवी भिंत, मागे कशेळीच्या पुलावर ट्रकांची न हलणारी रांग. वास तोच. चांगदेवांनी चष्मा पुसला. तिवरांच्या आत, खूप आत, काहीतरी पांढरं उभं होतं. दारभर उंचीचं, जरा कललेलं. त्याच्या टोकावर एक बगळा बसला होता.

गोदामवाले खाडीत काय काय फेकतात. थर्माकोलचे खोके, फ्रिजची पॅकिंगं. बांधावर त्या दिवशी जाळं विणत बसलेला एक कोळी होता. त्याला हाक मारून विचारता आलं असतं, तो होडी घेऊन गेलाही असता. चांगदेव पाच मिनिटं उभे राहिले. तेवढ्यात पलीकडून टक् असा आवाज आला. मग आणखी दोनदा. बगळा उडाला.

इथे जवळपास पत्र्याची भिंत नव्हती.

"चल," ते रिक्षावाल्याला म्हणाले.

८

रविवारी संध्याकाळी नऊ रेषा होत्या.

सोमवारी सकाळी नऊच. चांगदेवांनी तीनदा मोजल्या. बाहेर मिठाची दहावी रेघ आली होती, पण झाकणाच्या आत नऊच. त्या दिवशी पत्रा दिवेलागणीलासुद्धा वाजला नाही. खोली इतकी शांत होती, की खालच्या मजल्यावर सीताबाई तांदूळ निवडत होत्या ते त्यांना ऐकू येत होतं.

बुधवारी चिंबोऱ्या धरायला तिवरांत शिरलेल्या एका माणसाला विमान सापडलं. नाक आणि डावा पंख गाळात, शेपूट वर. चांगदेवांनी ती बातमी खाली ओटीवर बसून ऐकली, आणि घरातल्यांच्या देखत त्यांच्या छातीत खरोखरच कळ आली. ती त्यांनी कुणाला सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी ते माडीवर गेले तेव्हा विमान टेबलावर नव्हतं. सीताबाईंनी ते जुन्या धोतरात गुंडाळून कपाटाच्या वर टाकलं होतं. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. त्यानंतर चांगदेवांनी एकही विमान केलं नाही.

९

सहा वर्षांनी, सीताबाई गेल्यानंतरच्या वर्षी, रुचिका दोन दिवस राहायला आली. आता ती मोठी विमानं उडवत होती. बुधाला अपघाताच्या चौकशीचा अहवाल मिळायला इतकी वर्षं लागली होती आणि तो वाचून दाखवायला त्याने रुचिकालाच बोलावलं होतं. पाड्यावरून परतल्यावर ती जेवली नाही. ओटीवर आजोबांच्या शेजारी बसली आणि अंगणाकडे बघत बोलली. दर्शनचे पाय इंजिनाखाली अडकले होते. पट्टा त्याने सोडवला होता. कॅनॉपी गाळाने बसली होती, ती आतून उघडेना. भरती चढली की पाणी छातीशी येई आणि मग उतरे.

"काचेवर आतून त्याने खुणा केल्या होत्या, आजोबा. किल्लीने. प्रत्येक भरतीला एक, असं लिहिलंय त्यात. नऊ होत्या." ती थांबली. "साडेचार दिवस. आणि आम्ही सगळे डोंगरात."

तिने चांगदेवांचा हात हातात घेतला. तुम्ही आजारी पडला नसतात तर मी असते तिथे, असं म्हणाली. हे ती दर वर्षी म्हणत असे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेल्यावर त्यांनी स्टुलावर चढून कपाटावरून धोतराचं गाठोडं काढलं. ऐंशी वर्षांच्या माणसाने स्टुलावर चढू नये, पण घरात कुणी नव्हतं. रेषा सुपरग्लूच्या वाफेने आल्या, या एका गोष्टीला ते सहा वर्षं धरून होते आणि ती पडताळायची रीत त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. सुपरग्लू पाण्याला दाद देत नाही. पांढरा गोंद पाण्यात सुटतो. एका वाडग्याचं काम.

त्यांनी पितळी वाडगा कोमट पाण्याने भरला, विमान त्यात नाकावर उभं धरलं आणि घड्याळ समोर ठेवलं. खिडकीबाहेर पत्रा उन्हात तापत होता. आवाज नव्हता.

अकराव्या मिनिटाला कडेने दुधासारखी एक पांढरी धार पाण्यात उतरली, आणि कॅनॉपी अलगद सुटून त्यांच्या बोटांत आली.